जेवणाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर

ठकूनं मावशीचं बोलणं कानावर घातलं तेव्हा बाबा दूध तापवत उभे होते. मावशी म्हणाली होती, माझ्याकडे राहायला ये, एक खोली रिकामीच आहे, कॉलेज इथूनही जवळच पडेल. आणि तो गेमचा कॉम्प्युटर हवाय ना तुला, तोही घेऊन ठेवते. एकदम तयार, नुसती पिन लावायची. ठकूनं हे सगळं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. बाबांनी पातेल्यावरची नजर काढली नाही, तरी दूध उतू गेलंच.

ठकू त्यांची एकुलती एक मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिची आई मागल्या हिवाळ्यात गेली. मग घरात दोनच माणसं उरली, आणि दुसऱ्याला त्रास नको म्हणून दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. बाबा सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडत. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्यांचं काम. ठकू कॉलेजातून परस्पर बाजारामागच्या गेमिंग कॅफेत जाई आणि दिवे लागल्यावर घरी येई. पूर्वी ती घरच्याच लॅपटॉपवर खेळायची, आई शेजारी काहीतरी निवडत बसलेली असायची. तो लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. आता बाबा ओट्यापाशी उभ्यानं जेवत आणि ठकू ताट खोलीत नेई. जेवणाचं टेबल मधोमध तसंच होतं. त्यावर जाहिरातीचे कागद, किल्ल्या आणि कुणाचा तरी चष्म्याचा डबा पडलेला असे.

त्या टेबलाभोवतीच्या चार खुर्च्यांवर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं. ते ठकूच्या आईनं कधी काढू दिलं नाही. फ्रिजच्या दारावरचा पातळ पापुद्रा, रिमोटची पिशवी, मिक्सरवरचं लेबल, सगळं जिथल्या तिथं. तिचं लहानपण दुसऱ्यांनी वापरून दिलेल्या वस्तूंत गेलं होतं. शाळेचं दप्तर चुलत बहिणीचं, कपाट शेजाऱ्यांचं, पलंग कुणाचा कोण जाणे. त्यामुळे नव्या वस्तूवरचं प्लास्टिक म्हणजे तिला ती वस्तू आपण पहिल्यांदा घेतल्याची खूण वाटे. उन्हाळ्यात खुर्चीवरून उठताना पाठीला ते चिकटायचं आणि चर्र आवाज यायचा. बाबा म्हणायचे, या खुर्च्या दुकानदाराला परत द्यायच्यात का? त्यावर ती म्हणायची, तुम्ही गप्प बसा, नाहीतर तुम्हालाही गुंडाळून ठेवीन, नवेकोरे राहाल.

दूध पुसून झाल्यावर बाबा म्हणाले, "कॉम्प्युटर इथंच घेऊ की."

ठकूनं मान वर केली. बाबांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही हे तिला ठाऊक होतं. पण त्यांनी विचारलं, दुकान कुठं आहे, आणि शनिवारी दोघं गेली.

दुकानात काचेमागे तयार कॉम्प्युटर ओळीनं मांडले होते. आत निळे-जांभळे दिवे, पंखे फिरताहेत, जत्रेतल्या पाळण्यासारखे. दुकानदार पोरगेलासा होता, पण बोलणं अनुभवी. तो म्हणाला, दोन रस्ते आहेत काका. तयार घेतलात तर घरी न्यायचा, लावायचा, सुरू. काही बिघडलं तर सगळंच्या सगळं मशीन माझ्या डोक्यावर आणून आपटा, मी बघीन. नाहीतर सुटे भाग घ्या आणि स्वतः जोडा. भाग मनासारखे मिळतात, पुढेमागे एकेक बदलता येतो. पण चालेनासा झाला तर कुठला भाग रुसलाय ते तुमचं तुम्ही शोधायचं.

ठकूचं मत आधीच ठरलेलं होतं. तिच्या टीमच्या मॅचेस तोंडावर आल्या होत्या. टीममध्ये पाच जण, सगळे वेगवेगळ्या गावचे, आणि त्यांचा कप्तान तिच्या कॅफेतल्या बंद पडणाऱ्या इंटरनेटला कंटाळला होता. तिला तयार हवा होता. आज घेतला की संध्याकाळी खेळायला मोकळी.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "जोडायला वेळ किती लागतो?"

"मला एक दुपार," दुकानदार म्हणाला. बाबांच्या पिशवीतून डोकावणारे स्क्रू-ड्रायव्हर बघून त्यानं पुढं जोडलं, "तुम्हाला दोन."

"आणि अजिबातच येत नसेल तर?"

"मग आठवडाही जाईल काका. म्हणून तर म्हणतोय, तयार न्या."

"सुटे भाग द्या," बाबा म्हणाले.

दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. लवकर हवं म्हणणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे रोज येत. उशीर किती होईल हे विचारून खूश होणारं हे पहिलंच असावं.

बाबांच्या मनात होतं ते सरळ होतं. तयार डबा आणला तर तो ठकूच्या खोलीत जाणार आणि खोलीचं दार लागणार. एवढे सुटे भाग मात्र खोलीत मावणारे नव्हते, ते जेवणाच्या टेबलावरच मांडावे लागणार. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ठकूला वेगळंच वाटलं. परतताना ती म्हणाली, "तयार तर मला मावशी देतेच आहे, बाबा. मग हा उपद्व्याप कशाला?"

"एकदा जोडून बघू," बाबा म्हणाले. "नाहीच चालला तर जा मावशीकडे. मी स्वतः सोडायला येईन."

 शब्द गेला तो गेला, आणि बाबा रस्ताभर मनातल्या मनात स्वतःच्या जिभेला बोल लावत राहिले.

त्या संध्याकाळी टेबल आवरलं गेलं. एका बाजूला खोकी, दुसऱ्या बाजूला बाबांची हत्यारं, आणि मधे ठकूच्या मोबाइलवर एक तरुण व्हिडिओत बडबड करतोय, असा थाट. ठकू मास्तरीण झाली. हा मदरबोर्ड, याच्यावर सगळं बसतं. हा प्रोसेसर, हा मेंदू. ही रॅम, ही दाबली की कट् आवाज येतो, घाबरायचं नाही. हे ग्राफिक्स कार्ड, सगळ्यात महाग पोर, याला दोन्ही हातांनी धरायचं. बाबांनी सगळं आपल्या भाषेत लावून घेतलं. मदरबोर्ड म्हणजे लिफ्टचं कंट्रोल पॅनेल. पॉवर सप्लाय म्हणजे मोटरच्या खोलीतली पेटी. कॅबिनेटच्या म्हणजे बाहेरच्या डब्याच्या बटणाच्या बारीक वायरी बघून त्यांना विशेष आनंद झाला, कारण मजल्यांच्या बटणांच्या वायरीही अशाच असतात, केसासारख्या आणि हट्टी.

"म्हणजे तुझी गेमसुद्धा लिफ्टच," ते म्हणाले.

"हो, आणि तुम्ही आत अडकलेले," ठकू म्हणाली.

खूप दिवसांनी तिनं त्यांची थट्टा केली होती. बाबांनी खाली पडलेला स्क्रू शोधायच्या निमित्तानं मान खाली घातली.

टेबलाचा एक कोपरा जेवणापुरता रिकामा ठेवला. आता उभ्यानं जेवायचं कारण उरलं नव्हतं. सामान सोडून दोघांना लांब जाववत नव्हतं. जेवताना ठकू गेमबद्दल सांगू लागली. पाच जणांत चौघं पुढं जाऊन मारामारी करतात आणि एक मागं राहून जखमी झालेल्यांना बरं करतो. मागं राहणारी ती. लोकांना पुढं जायचं असतं, त्यामुळे हे काम सहसा कुणी मागून घेत नाही. तिनं मागून घेतलं होतं. बाबांनी विचारलं, सगळ्यांना बरं करता येतं का? ती म्हणाली, वेळेत पोचलं तर. मग दोघंही ताटाकडे बघत बसली, पण ताट घेऊन कुणी उठलं नाही.

काम मात्र पुढं सरकेना. ठकू रोज कॉलेजातून येई, बघते तर काल पक्का केलेला मदरबोर्ड पुन्हा ढिला. वाटीत चार स्क्रू पडलेले. बाबा म्हणत, थोडा वाकडा वाटला म्हणून काढला. दुसऱ्या दिवशी पॉवर सप्लाय बाहेर. थोडा उलटा वाटला म्हणून काढला. तिसऱ्यांदा ती स्क्रू हातात घेऊन उभी राहिली.

"बाबा, हा मी काल माझ्या हातानं घट्ट केला होता."

"लिफ्टवाल्याला सगळं दोनदा बघायची सवय असते."

"दोनदा नाही, चार वेळा झालं."

"मग चार वेळा," बाबा म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

शेवटी कूलर बसवायचा राहिला. प्रोसेसर चालताना भयंकर तापतो, म्हणून त्याच्यावर हा कूलर बसवायचा. तांब्याचा सपाट तळ, त्यावर पातळ पत्र्यांचा उंच गठ्ठा आणि बाजूला पंखा. प्रोसेसरवर राखाडी पेस्टचा ठिपका द्यायचा, वर तळ दाबायचा, की उष्णता तळातून पत्र्यांत चढते आणि पंखा ती उडवून लावतो. व्हिडिओतला तरुण हे सांगतच होता तेवढ्यात मावशीचा फोन आला. ठकूनं व्हिडिओ थांबवला आणि फोन घेऊन गॅलरीत गेली.

बाबांनी कूलर उलटा करून हातात धरला. तळ आरशासारखा. त्यावर पारदर्शक पापुद्रा होता, कोपऱ्यात ओढायला छोटीशी शेपटी ठेवलेली. गॅलरीतून ठकूचं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. हो गं. नाही, अजून ठरलं नाही. हो, इथं कसंतरीच होतं, माहितीये मला. नाही, त्यांना नाही सांगितलं.

बाबांचा अंगठा शेपटीवर होता. तो तिथंच थांबला. इतक्या वर्षांत या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक त्यांनी कधी ओढलं नव्हतं. हात गेला की आतून आवाज यायचा, अहो, राहू द्या ते. आता आवाज आला नाही. पण हात सवयीनं मागं आलाच. एवढा पातळ पापुद्रा, त्यातून उष्णता जाईल की, आणि तांब्यावर ओरखडाही पडायचा नाही, असं त्यांनी स्वतःला पटवलं. उलट त्यावरची एक सुरकुती अंगठ्यानं नीट सपाट केली. ठिपका दिला, कूलर ठेवला, चारही स्क्रू एकेक वेढा देत आळीपाळीनं आवळले. काम अगदी सुबक झालं.

ठकू आत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. ती म्हणाली, "बसवलासुद्धा?"

"झालं," बाबा म्हणाले. त्यांना आता आणखी काही काढायचं सुचेना.

कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात सुरू झाला. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा उजळला. ठकूनं टाळी मागितली आणि बाबांनी दिली. कॅबिनेटच्या बाजूच्या काचेवरही दोन्हीकडून प्लास्टिक होतं, त्यामुळे आतले दिवे धुक्यातून दिसावेत तसे दिसत होते. ठकूनं ते काढायला नख लावलं, मग खुर्च्यांकडे बघितलं आणि नख मागं घेतलं. राहू दे, म्हणाली. बाबांना बरं वाटलं.

रविवारी टीमची मॅच होती. वायरी अजून सरळ करायच्या होत्या म्हणून कॉम्प्युटर टेबलावरच होता. ठकू कानाला हेडफोन लावून बसली, बाबा लांबून बघत होते. पडद्यावर काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण ठकूचे खांदे कळत होते. ती पळत होती, थांबत होती, कुणाला तरी म्हणत होती, आले, आले, थांब जरा, उठवते तुला. आणि पडदा काळा झाला. पंखे थांबले. खोलीत एकदम शांत झालं.

तिनं बटण दाबलं. सुरू झाला. ती धावत परत गेममध्ये शिरली. थोडं खेळली आणि पुन्हा अंधार. तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आपटला असता तर बाबांना बरं वाटलं असतं.

"सगळे मरून पडले," ती म्हणाली. "मीच नव्हते."

बाबा पुढं झाले, म्हणाले, बघतो मी. ठकूनं त्यांना अडवलं नाही, रागावलीही नाही. तिनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. मावशीच्या घरातली खोली, खिडकीखाली टेबल, त्यावर तयार कॉम्प्युटर. मावशीनं बोलल्याप्रमाणे घेऊन ठेवला होता, चादरसुद्धा ठकूच्या आवडत्या रंगाची घातली होती.

"पुढची मॅच शनिवारी आहे," ठकू म्हणाली. "ती तिथून खेळते. तुम्ही म्हणाला होतात ना, नाही चालला तर जा."

"म्हणालो होतो."

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही खूप केलंत."

सांत्वनाला येणारी माणसं बोलतात तसं ती बोलली, आणि बाबांच्या काळजात चर्र झालं. एका मॅचसाठी कुणी एवढं सामान बांधत नाही. बॅग पलंगावर उघडी पडली होती आणि तिच्यात हिवाळ्याचे कपडेही होते. मावशीवर त्यांना राग धरता येईना. तिचीही बहीणच गेली होती, आणि या घरात कसंतरीच होतं हे खोटं थोडंच होतं.

दोन दिवस बाबा कामावर असूनही कामावर नव्हते. बुधवारी एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली होती. रहिवासी म्हणाले, तुमची लिफ्ट बिघडलीय. बाबा सवयीनं म्हणाले, बिघडली नाही, थांबलीय. काहीतरी धोका दिसला म्हणून स्वतःहून थांबलीय. तो धोका कुठं आहे तेवढं शोधायचं. बोलून झाल्यावर ते पॅनेलसमोर तसेच उभे राहिले. मग काम उरकलं आणि दुपारीच घरी आले.

ठकू कॉलेजात होती. बाबांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, काका, आपोआप बंद होतोय म्हणजे तापतोय, पंखा फिरतोय का बघा. पंखा फिरत होता. बाबांनी कॅबिनेटचं झाकण काढलं, ठकूनं दाखवलं होतं तशी गेम सुरू केली आणि तिच्या बाहुलीला एका मैदानात उभं करून ठेवलं. मग हात आत घालून बोटं कूलरच्या पत्र्यांवर टेकवली.

पत्रे गार होते.

पडद्यावर बाहुली उभी होती, पंखा फिरत होता, प्रोसेसर आत तापून लाल झाला असणार, आणि पत्रे गार. म्हणजे उष्णता तिथवर पोचतच नव्हती. मधे काहीतरी होतं. मधे काय होतं ते जगात फक्त बाबांना ठाऊक होतं. पडदा काळा झाला तेव्हा त्यांचा हात अजून पत्र्यांवरच होता.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. सोपं होतं. ठकू यायच्या आत कूलर काढायचा, पापुद्रा ओढायचा, नवी पेस्ट लावायची. ती आली की म्हणायचं, एक वायर सैल होती. तिला कळायचंही नाही. त्यांनी पहिला स्क्रू अर्धा फिरवला. मग तोच उलटा फिरवून परत बसवला, हात धुतले आणि वाट बघत खुर्चीवर बसले. प्लास्टिक चर्र वाजलं.

ठकू आली, तिनं उघडा कॅबिनेट बघितला आणि म्हणाली, "बाबा, आता राहू द्या ना."

"सापडलंय," बाबा म्हणाले. "पण तू उघड. माझ्या हातचं आहे, तू बघायला हवंस."

तिनं दप्तर ठेवलं. चार स्क्रू काढले, कूलर अलगद फिरवून उचलला आणि उलटा केला. राखाडी पेस्ट पसरली होती, आणि पेस्टखाली पापुद्रा, शेपटीसकट. 

"हे काढलं नव्हतं?"

"नाही."

"दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं," बाबा म्हणाले. "सुरकुतीही सारखी केली होती."

ठकूनं कूलरकडे बघितलं, मग बाबांच्या खुर्चीकडे, मग फ्रिजकडे. तिचा चेहरा आधी वाकडा झाला. बाबांना वाटलं, आता रडणार. ती हसायला लागली. हसता हसता तिनं टेबलाला धरलं. "आई असती तर," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य हसण्यातच गेलं. पुन्हा म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, प्रोसेसरवरचं पण का काढलंत?" बाबांनाही हसू फुटलं, आणि मग दोघांचंही हसणं मधेच कुठंतरी ओलं झालं. आई गेल्यापासून या घरात तिचा विषय मोठ्यानं निघाला तो आत्ता, पेस्टनं बरबटलेल्या कूलरवरून.

ठकूनं चिंधीनं पेस्ट पुसली आणि कूलर बाबांपुढं धरला. "तुम्ही ओढा."

बाबांनी शेपटी धरली. पापुद्रा एका ओढीत निघाला, जवळजवळ आवाज न करता. खाली तांबं कोरंच्या कोरं होतं. बाबांनी पापुद्र्याची घडी केली. तो फेकवेना आणि ठेवायलाही जागा सुचेना. ठकूनं तो त्यांच्या हातून घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. "खुर्च्यांचं राहू दे," ती म्हणाली. "हा मात्र नको. याच्यात जीव गुदमरत होता." कुणाचा ते तिनं सांगितलं नाही.

नवी पेस्ट लावून कूलर बसवला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. गेम सुरू करून दोघांनी पत्र्यांवर हात ठेवले. हळूहळू ते कोमट झाले, मग चांगले ऊन झाले. बाबांचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी टीम हरली. पण कॉम्प्युटर शेवटपर्यंत चालला, आणि ठकूनं म्हणे त्या कप्तानालाच सात वेळा मेल्यावर उठवून उभं केलं. मॅच संपल्यावर तिनं मावशीला फोन लावला आणि पापुद्र्याची गोष्ट सांगितली. पलीकडून खो-खो हसणं आलं.  मग मावशी नाक ओढत म्हणाली, ताईनं माझ्या लग्नातल्या समईचंसुद्धा प्लास्टिक काढू दिलं नव्हतं, तशीच पेटवली आणि केवढा धूर झाला. मग तिनं विचारलं, आता माझ्या इथल्या डब्याचं काय करू? ठकू म्हणाली, सुट्टीत येते आणि तुला खेळायला शिकवते. तोवर त्याच्यावर फडकं टाकून ठेव. बाबांनी पलंगावरच्या बॅगेकडे बघितलं. हिवाळ्याचे कपडे कपाटात परत गेले होते.

रविवारी बाबा स्वतःच म्हणाले, आता तो तुझ्या खोलीत नेऊ. तिचा कॉम्प्युटर होता आणि जेवणाचं टेबल जेवणासाठी होतं. वायरीही केव्हाच सरळ झाल्या होत्या. त्यांनी कॅबिनेट छातीशी धरून उचलला, ठकू पडदा घेऊन मागून आली. सगळं मांडून दिल्यावर बाबा बाहेर आले. टेबल खूप मोठं दिसत होतं. त्यांनी फडक्यानं ते पुसलं आणि पुसलेलंच पुन्हा पुसलं. संध्याकाळी दोन ताटं वाढून त्यांनी टेबलावर ठेवली, पण हाक मारावी की नाही ते त्यांचं ठरेना. खोलीतून कळफलकाचा आवाज येत होता. दार लोटलेलं होतं.

मग आवाज थांबला आणि ठकू बाहेर आली. तिच्या तळहातावर एक स्क्रू होता.

"बाबा, पॉवर सप्लायचा हा सैल वाटला म्हणून काढला," ती म्हणाली. "उद्या कॉलेजातून आल्यावर सगळं एकदा उघडून बघायचं का?"

बाबांनी स्क्रू हातात घेतला. तो त्यांनीच आवळला होता. त्यांनी आवळलेला स्क्रू आपणहून सैल होत नाही, हे त्यांच्याइतकं ठकूलाही चांगलं माहीत होतं. तिनं ताटाजवळची खुर्ची ओढली आणि प्लास्टिक चर्र वाजवत बसली.

"बघू या की," बाबा म्हणाले. "मोठं काम दिसतंय. चार दिवस तरी जातील."